खमस तिसैन मया व अलफ : खर्ड्याच्या सुमाराच्या मोडी कागदाची इसवी तारीख कशी काढायची?

बालाघाट_दप्तर :

नमस्कार मंडळी. बीड परगण्यातल्या एका देशपांडे घराण्याच्या रुमालातल्या (कापडात बांधलेल्या दप्तरातल्या) तीन मोडी कागदांचं लिप्यंतर झालंय. मजकूर लागतो, पण तारखा काही केल्या लागत नाहीत.

पहिला कागद पेशव्यांकडच्या कमाविसदाराला, म्हणजे वसुली अंमलदाराला लिहिलेला. वर 'सु॥ खमस तिसैन मया व अलफ', शेवटी 'छ ५ रमजान' आणि 'मोर्तब सूद' (पत्र पुरं झाल्याची खूण). विषय असा, की खर्ड्यास लष्करं उतरली, शाळू खळ्यात असतानाच लुटला गेला, उभा हरभरा तुडवला गेला. सबब गुरुवारी पाहणी केली, त्याप्रमाणे वसुलात सूट द्यावी. कागदाच्या पाठीवर वेगळ्या हातानं 'पैवस्ती छ ११ रमजान' असं आहे.

दुसरा त्याच गावाच्या जमाबंदीचा ताळेबंद. त्यावर फक्त 'सन १२०४ फसली', म्हणजे महसुली सन.

तिसरा बराच जुना, महजराची (पंचांसमोरच्या निवाडापत्राची) नक्कल. 'सु॥ सबा स... अलफ' इतकंच उरलंय, मधला शब्द घडीवर फाटलाय. खाली 'नल नाम संवत्सरे माघ वद्य १०' स्पष्ट दिसतं.

खमस तिसैन मया व अलफ म्हणजे ११९५, एवढं कळलं. पण हिजरी कन्व्हर्टरमध्ये ५ रमजान ११९५ टाकलं की २५ ऑगस्ट १७८१ येते. पेशवे-निजामांची खर्ड्याची लढाई तर ११ मार्च १७९५ ची. चौदा वर्षांचा फरक कुठून आला? शिवाय या तारखांचा ताळा ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटांच्या (दरबारातल्या वकिलांच्या) छापील पत्रांशी आणि जमल्यास फ्रेंच कागदांशी घ्यायचा आहे. तिथे ज्युलियन-ग्रेगोरियनची (जुन्या-नव्या युरोपी पंचांगाची) भानगड लागते का, तेही सांगा.

मोडीवाचक_पैठण :

दादा, आकडा तुम्ही बरोबर वाचलात, पण तो हिजरी नाही. 'सु॥' म्हणजे सुहूर सन, आणि तो सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचं वर्ष बदलतं, म्हणून जुनी माणसं त्याला मृगसालही म्हणत. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, सुहूर ३६५ चं. सुहूर सुरू झाला तेव्हा, म्हणजे १३४४ साली, दोघांचा आकडा ७४५ असा एकच होता. तिथून पुढे साधारण दर ३३ वर्षांनी हिजरी एकेक वर्ष पुढे सरकत गेला. साडेचारशे वर्षांत चौदाचं अंतर पडलं. तुमची चौदा वर्षं तीच.

घोटाळा होतो तो एवढ्यासाठी की सुहूर सनाबरोबर महिना आणि तारीख मात्र हिजरी चांद्र गणनेतली लिहितात. वर्ष एका पंचांगाचं, दिवस दुसऱ्याचा. 'छ' म्हणजे चंद्र, चांद्र महिन्यातली तारीख. त्यामुळे 'छ ५ रमजान' आणि '११९५' ही जोडी थेट कन्व्हर्टरमध्ये टाकली की उत्तर हमखास चुकतं. आणि चुकलेलं उत्तरही नीटनेटक्या तारखेच्या रूपात येतं, म्हणून ते चटकन ध्यानात येत नाही. गावोगावच्या वंशावळींत असल्या तारखा छापून बसल्या आहेत.

आता हा कागद टप्प्याटप्प्यानं सोडवू.

आधी अंक. एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. पुढे मया १००, मयातैन २००, अलफ १०००. लिहिण्याचा क्रम उलटा असतो: आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी हजार. तुमचा ५ + ९० + १०० + १००० = ११९५. शतकाच्या शब्दावरून काळाचा अंदाज लगेच येतो. 'मया' नसेल आणि नुसतं 'अलफ' असेल तर कागद १६९९ च्या मृगाआधीचा. 'मयातैन' दिसलं तर १७९९ च्या मृगानंतरचा.

मग वर्षाचा पट्टा. सुहूरमध्ये ५९९ मिळवले की मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं इसवी साल मिळतं, ६०० मिळवले की जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं. ११९५ म्हणजे जून १७९४ ते जून १७९५. अठराव्या शतकाच्या अखेरीस मृग लागायचा तो ४-५ जूनला, आजच्यापेक्षा तीनेक दिवस आधी. 'सरसकट ६०० मिळवा' असं काही जण सांगतात. ते निम्म्याहून जास्त वर्षाला चुकीचं आहे.

आता या पट्ट्यात रमजान कुठे येतो ते पाहायचं. इथे हिजरी वर्ष लागतं, पण ते आपण शोधून काढायचं, कागदावरून उचलायचं नाही. हिजरी १२०९ चा मोहरम २९ जुलै १७९४ ला लागला. म्हणून सुहूर ११९५ मध्ये मोहरमच्या आधीच्या तारखा हिजरी १२०८ च्या (फरक १३), नंतरच्या १२०९ च्या (फरक १४). रमजान १२०९ सुरू होतो २२ मार्च १७९५ ला. ५ रमजान म्हणजे २६ मार्च १७९५.

शेवटी वार, आणि ही पायरी गाळू नका. चंद्रदर्शनावर महिना अवलंबून असल्यामुळे गणितानं काढलेल्या तारखेत एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. वार तो दिवस पक्का करतो. तुमच्या मजकुरात गुरुवारच्या पाहणीचा उल्लेख आहे, आणि २६ मार्च १७९५ ला गुरुवारच होता. पाहणी आणि पत्र एकाच दिवशीचं असेल तर तारीख चोख बसली. २५ ऑगस्ट १७८१ ला शनिवार येतो. पाठीवरची पैवस्ती, म्हणजे कागद पोचल्याची तारीख, ११ रमजान, १ एप्रिल १७९५. ती कागदाची तारीख म्हणून धरू नका. छापील संग्रहांतसुद्धा कधीकधी रवानगी आणि पैवस्ती यांची अदलाबदल झालेली दिसते.

मजकूरही हेच सांगतो. शाळूची काढणी माघ-फाल्गुनात. खळ्यात शाळू आणि रानात हरभरा ही स्थिती फाल्गुनातल्या लढाईला शोभते. ऑगस्टात बीडकडे शाळू खळ्यात असणं शक्यच नाही. शेतीचं चक्र ध्यानात ठेवलं तर निम्म्या चुका तिथेच पकडता येतात.

दुअमली :

वरचं उत्तर पक्कं आहे. मी फसलीवर बोलतो, कारण मराठवाड्यात खरा गुंता तिथे आहे.

आधी दोन्ही सन एकाच गावात का, ते बघा. बीड, पैठण, गेवराई हा सगळा भाग दुअमली. मुलूख निजामाचा, पण चौथ-सरदेशमुखी पेशव्यांची, आणि त्यासाठी पेशव्यांचा कमाविसदार वेगळा. पेशव्यांचा कारकून सुहूर लिहिणार, मोगलाई अमलाचा, म्हणजे निजामाचा, फसली लिहिणार. गावचा कुलकर्णी तोच, तो ज्याच्याकडे हिशेब द्यायचा त्याच्या सनात देणार.

दख्खनी फसली शाहजहानच्या काळात, हिजरी १०४६ ला (१६३६-३७) सुरू झाला आणि तिथून सौर चालला. मिळवायचे ५९० किंवा ५९१. मृगानंतर डिसेंबरपर्यंत ५९०, जानेवारीनंतर ५९१. १२०४ म्हणजे जून १७९४ ते जून १७९५. सुहूर आणि दख्खनी फसली दोघंही मृगालाच बदलतात, म्हणून त्यांच्यातला फरक कायम ९ राहतो. ११९५ + ९ = १२०४. तुमचे पहिले दोन कागद एकाच वर्षाचे आहेत. एकाच कागदावर दोन्ही सन आले आणि फरक ९ नसेल, तर वाचनात चूक आहे असं समजून पुन्हा भिंग घ्या. आकड्यात लिहिलेल्या सनात १ आणि ९ ची गफलत फार होते.

आता दोन खड्डे.

पहिला उत्तरेचा फसली. तो वेगळा, त्यात ५९२-५९३ मिळवतात आणि तो आश्विनात बदलतो. उत्तर हिंदुस्थानच्या पुस्तकातला तक्ता वापरला की दोन वर्षांचा फरक पडतो.

दुसरा आपल्या घरचाच. मराठवाड्यातल्या बहुतेकांनी फसली पाहिला तो निजामी काळाच्या उर्दू नकलांवर: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. तो फसली आजूरला, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. फसली १३२० म्हणजे ऑक्टोबर १९१० ते ऑक्टोबर १९११. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकातल्या हैदराबादच्या सुधारणांतली. ती १७९५ च्या कागदाला लावली तर मार्चच्या तारखेत फरक कळणारही नाही, पण जुलैच्या कागदाचं पूर्ण वर्ष हुकेल. फसली १२०४ मधला जुलै मृगाच्या हिशेबानं १७९४ चा, आजूरच्या हिशेबानं १७९५ चा. जमीन-इनामाच्या वादात लोक दोन्ही काळातल्या नकला एकत्र जोडतात, तेव्हा हीच चूक होते.

आणखी एक गोष्ट. ताळेबंदावरचा 'सन १२०४ फसली' हा पिकाचा सन आहे. त्या वर्षाच्या खरीप-रब्बीचा हिशेब, एवढाच त्याचा अर्थ. कागद प्रत्यक्ष लिहिला तो पुढच्या वर्षीही असू शकतो, कारण बाकी वसूल होईपर्यंत ताळेबंद बंद होत नसे. म्हणून त्याची नोंद करताना 'फसली १२०४ बाबत' असं लिहा, 'जून १७९५ चा' असं लिहू नका.

बालाघाट_दप्तर :

फार उपयोगाचं सांगितलंत दोघांनी. सन ९ नं जुळतात हे पाहून पहिल्या दोन कागदांबद्दल शंका उरली नाही. दोन गोष्टी राहिल्या. याच रुमालात एक चिठ्ठी आहे, 'सु॥ खमस तिसैन मया व अलफ, छ १० जिल्काद', वार सोमवार. तिलाही हाच नियम लावला तर २९ मे १७९५ येते, पण त्या दिवशी शुक्रवार होता. दुसरं म्हणजे महजराचा फाटलेला शब्द.

मोडीवाचक_पैठण :

हा सुहूरचा सगळ्यात नाजूक भाग, आणि वार लिहिलेला आहे म्हणून तुम्ही वाचलात.

सौर वर्ष चांद्र वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी मोठं. म्हणून एका सुहूर वर्षात वर्षारंभीचे दहा-अकरा चांद्र दिवस वर्षाच्या शेवटी पुन्हा येतात. ११९५ चा मृग लागला तेव्हा जिल्कादची सहावी तारीख होती, आणि वर्ष संपताना पुढच्या जिल्कादची सोळावी. म्हणजे ६ ते १६ जिल्काद या तारखा एकाच सुहूर ११९५ मध्ये दोनदा आल्या: एकदा जून १७९४ मध्ये, एकदा मे-जून १७९५ मध्ये. १० जिल्काद म्हणजे एकतर ९ जून १७९४, नाहीतर २९ मे १७९५. पहिली सोमवार, दुसरी शुक्रवार. तुमच्या चिठ्ठीवर सोमवार आहे, तेव्हा ती ९ जून १७९४ ची. लढाईच्या नऊ महिने आधीची आहे ती. खर्ड्यानंतरची समजून वापरली असती तर सगळा क्रमच उलटा झाला असता.

दरवर्षी हा पट्टा वेगळ्या महिन्यात पडतो. प्रत्येक सुहूर वर्षाला मृगाच्या दिवशी कोणती चांद्र तारीख होती ते एकदा काढून वहीत लिहून ठेवायचं. तिथून पुढचे अकरा दिवस 'दुहेरी' समजायचे. त्या पट्ट्यातल्या कागदावर वार, तिथी किंवा घटनेचा उल्लेख नसेल तर दोन्ही तारखा द्यायच्या. एक निवडायचा मोह टाळा.

महिन्यांची नावंही जपून वाचा. मोडीत रा॥वल म्हणजे रबिलावल, रा॥खर म्हणजे रबिलाखर. जा॥वल, जा॥खर तसेच. शेवटचं 'वल' की 'खर' हे पुसट असलं तर तारीख एक महिन्यानं हलते. जिल्काद आणि जिल्हेज यांचंही तेच.

आता महजर. 'सबा स... अलफ'. मया नाही, म्हणजे हजारानंतरचं पहिलं शतक. 'स'नं सुरू होणारे दशकाचे शब्द चार: सलासीन, सितैन, सबैन, समानीन. म्हणजे १०३७, १०६७, १०७७, १०८७. इथे संवत्सर कामाला येतो. शकात १२ मिळवून ६० नं भागायचं, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा. या चार सुहूर वर्षांतले माघ अनुक्रमे शके १५५८, १५८८, १५९८ आणि १६०८ मध्ये पडतात. संवत्सर: १५५८ धाता, १५८८ पराभव, १५९८ नल, १६०८ क्षय. नल एकाच ठिकाणी बसतो. म्हणून शब्द 'सबैन', सुहूर १०७७, शके १५९८, आणि माघ म्हणून शकात ७९ मिळवून १६७७.

संवत्सर एकटा पुरत नाही, हेही सांगायला हवं. तो साठ वर्षांनी फिरून येतो. राज्याभिषेकाचा शके १५९६ आणि खर्ड्याच्या लढाईचा शके १७१६ दोन्ही आनंद संवत्सराचे. तुमच्याकडे सुहूरचे दोन शब्द शाबूत होते म्हणून तो निर्णायक ठरला.

पहिल्या कागदाबाबत एक टीप. लढाईचा दिवस फाल्गुन वद्यातला, शके १७१६. तुमचा कागद पंधरा दिवसांनंतरचा, पण मध्ये गुढीपाडवा झाला. म्हणून त्याचा शक १७१७, संवत्सर राक्षस. राज्याभिषेक शक मात्र दोन्हीकडे १२१ च, कारण तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. शक वेगळा दिसला म्हणून ही दोन वेगळी वर्षं समजू नका.

खुलताबाद_रोजा :

इंग्रजी-फ्रेंच ताळ्याबद्दल लिहितो.

१७९५ च्या कागदांना ज्युलियनची अडचण नाही. इंग्लंडनं १७५२ मध्ये पंचांग बदललं. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्यानंतरच्या इंग्रजी तारखा जशाच्या तशा घ्यायच्या. खर्ड्यासाठी पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि हैदराबादचा विल्यम कर्कपॅट्रिक यांची पत्रं पाहाल, गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांच्या नावची. शोअर या लढाईत तटस्थ राहिले, म्हणून दोन्ही दरबारांतल्या रेसिडेंटांकडून बातम्या नियमित जात होत्या, आणि त्यामुळेच तारखांच्या ताळ्याला ही पत्रं उत्तम. फक्त पत्र लिहिल्याची तारीख, कलकत्त्याला पोचल्याची तारीख आणि कौन्सिलमध्ये वाचल्याची तारीख या तीन वेगळ्या असतात. संग्रहाच्या अनुक्रमणिकेत बऱ्याचदा तिसरीच दिलेली असते. ती आणि मूळ पत्र यांत काही आठवड्यांचं अंतर पडतं. पत्राच्या डोक्यावरची तारीख घ्या.

तुमचा महजर मात्र १६७७ चा, आणि तिथे दोन अडचणी एकदम येतात. सतराव्या शतकात इंग्रज दहा दिवस मागे होते, १७०० च्या मार्चपासून १७५२ पर्यंत अकरा दिवस. पोर्तुगीज आणि फ्रेंच १५८२ पासूनच नव्या मोजणीवर. म्हणून राज्याभिषेक सुरतकर इंग्रजांच्या हिशेबात ६ जून १६७४, गोव्याच्या हिशेबात १६ जून. दिवस एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. दुसरी अडचण जास्त फसवी. त्या काळी इंग्रजांचं अधिकृत वर्ष २५ मार्चला बदलत असे. जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या लुटीची इंग्रजी पत्रं १६६३ ची तारीख घेऊन येतात. तुमचा माघ वद्य १० शके १५९८ जुन्या मोजणीनं फेब्रुवारीच्या मध्याला, नव्या मोजणीनं महिनाअखेरीला पडतो, आणि सुरतेच्या इंग्रजांनी तो फेब्रुवारी १६७६ असा लिहिला असता. साल एक, दिवस दहा, असा दुहेरी फरक.

या भागात सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण औरंगजेबाच्या मृत्यूचं. कुठे २० फेब्रुवारी १७०७, कुठे ३ मार्च १७०७. वाद घालण्यासारखं काही नाही, २० मध्ये ११ मिळवले की ३ मार्च. हिजरीत २८ जिल्काद १११८. मोगली कागदांवर याशिवाय जुलूस सन, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेला सन असतो. औरंगजेबाचा जुलूस १ रमजान १०६८ पासून मोजतात आणि दर रमजानला बदलतो. म्हणून रमजान ते जिल्हेज या चार महिन्यांत हिजरीतून १०६७ वजा करायचे, मोहरम ते साबान या आठ महिन्यांत १०६८. मृत्यूची तारीख जिल्कादमधली, म्हणून १११८ − १०६७ = ५१ वा जुलूस. पुस्तकातला तक्ता हाताशी नसला तरी एवढ्यावर काम भागतं.

फ्रेंच कागदांचं थोडं वेगळं. खर्ड्याला निजामाकडून रेमंडच्या कवायती पलटणी होत्या आणि शिंद्यांकडच्या पलटणी पेराँच्या हाताखाली, म्हणजे फ्रेंच अंमलदार दोन्ही बाजूंना. पाँडिचेरी १७९३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, त्यामुळे या काळातला सरकारी फ्रेंच कागद बहुधा पॅरिसचा किंवा मॉरिशसचा मिळेल, आणि त्यावर राज्यक्रांतीची कालगणना असेल. ती २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजतात. प्रत्यक्ष वापर १७९३ च्या अखेरीपासून १८०५ च्या अखेरीपर्यंत. बारा महिने तीस-तीस दिवसांचे, वर उरलेले पाच किंवा सहा दिवस शेवटी. वर्ष ३ सुरू झालं २२ सप्टेंबर १७९४ ला. तिथून सहावा महिना व्हांतोज, १९ फेब्रुवारी १७९५ पासून. खर्ड्याचा दिवस म्हणजे २१ व्हांतोज, वर्ष ३. १७९८ मध्ये टिपूच्या मदतीसाठी मॉरिशसला निघालेल्या जाहीरनाम्यावरही हीच गणना आहे: प्लुव्हियोझ महिना, वर्ष ६. यात आठवड्याचे वार नाहीत, दहा दिवसांची दशकं आहेत. त्यामुळे वाराची कसोटी इथे लागत नाही, दिवस मोजूनच काढावा लागतो.

बालाघाट_दप्तर :

सगळं लागलं. शेवटचं विचारतो: सूचीत तारीख लिहायची कशी? आणि फाटलेल्या घडीवरचा शब्द फोटोत उजळ करून 'सबैन' वाचता येईल का?

मोडीवाचक_पैठण :

सूचीत आधी मूळ तारीख, जशी आहे तशी, अक्षरांत: 'सु॥ खमस तिसैन मया व अलफ, छ ५ रमजान'. मग आकड्यात सुहूर ११९५. मग तुमची इसवी तारीख, वारासकट. १७५२ आधीची असेल तर 'जुनी' की 'नवी' मोजणी हे प्रत्येक नोंदीत लिहा, प्रस्तावनेत एकदा सांगून भागत नाही, कारण लोक एकच नोंद उचलतात. मूळ न देता नुसती इसवी तारीख दिली तर पुढच्या माणसाला तुमची चूक शोधायला वावच राहत नाही. रूपांतर कशावरून केलं तेही एका शब्दात लिहा: वारावरून, संवत्सरावरून, की नुसत्या गणितावरून. 'सबैन' चौकोनी कंसात टाका, म्हणजे तो शब्द तुम्ही भरला आहे हे दिसेल.

गणित पडताळायला शिवकाळासाठी खऱ्यांची जंत्री (निरनिराळ्या सनांच्या तारखांचा तक्ता) आणि पुढच्या काळासाठी मोडकांची, या दोन्हींचा आधार घ्या. संगणकाचा हिजरी कन्व्हर्टर वापरायला हरकत नाही, पण त्यात टाकायचं ते पट्ट्यावरून काढलेलं हिजरी वर्ष.

फोटोसाठी कागद सपाट काचेखाली दाबू नका, जुनी घडी तिथेच तुटते. खिडकीच्या उजेडात, उजेड एका बाजूनं आडवा येईल असा कागद ठेवा आणि मोबाईल बरोबर वर धरा. बोरूच्या दाबानं पडलेला खळगा आडव्या उजेडात दिसतो. मग कागद अर्धा फिरवून दुसरा फोटो घ्या. पाठीमागून उजेड टाकून तिसरा, त्यात शाई झिरपलेली जागा कळते. घडीवरची शाई उडाली असली तरी 'सबैन'मधला 'ब'चा पोट आणि 'समानीन'मधला लांब 'मा' यांची रुंदी वेगळी असते. फाटलेल्या जागेची लांबी त्याच हातानं इतरत्र लिहिलेल्या तीन-चार अक्षरांशी ताडून पाहा. ओला कापूस, तेल, चिकटपट्टी यातलं काहीही लावू नका. घडी सुटतच नसेल तर कागद छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात दाखवा.

दुअमली :

एक भर घालतो. रुमालाची मूळ बांधणी सोडवण्याआधी कागद कोणत्या क्रमानं होते ते लिहून ठेवलंय का? कुलकर्ण्यांचे रुमाल बहुधा सनवार बांधलेले असत. तारीख नसलेला कागद ११९५ च्या दोन कागदांच्या मध्ये सापडला, तर तो त्याच वर्षाचा असण्याची शक्यता मोठी. राहिला असेल तर निदान उरलेल्या रुमालांचं तरी वर्णन आधी करा: कापडाचा रंग, वरची चिठ्ठी, कागदांची संख्या, प्रत्येकाला पेन्सिलीनं कोपऱ्यात क्रमांक. शाईनं नाही.

तुमच्या ताळेबंदात 'लष्करामुळे सूट' अशी रक्कम वजा घातलेली सापडली तर तीही इथे टाका. आज्ञापत्रातली सूट हिशेबात खरोखर उतरली का, हे त्या एका ओळीवरून कळेल.